तात्पर्य लिहा : दोन गुण

आठवीच्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीखाली
एक चौकट असते. तात्पर्य लिहा. दोन गुण.
सामार बेटावरच्या या शाळेत एकोणीस वर्षं
मी चौकटी तपासते आहे.

मुलं शहाणी आहेत.
गोष्टीत कुणी आजोबांची म्हैस हरवलेली असो,
की कुणी बहिणीचे हाँगकाँगहून आलेले पैसे उडवलेले असोत,
उत्तर ठरलेलं: माफ करावे. कुटुंब म्हणजे सर्व काही.
सदतीस वह्या, एकाच हाताने लिहिल्यासारख्या.
मी दोनपैकी दोन देते.

फक्त जोव्हेलिन आबेन्या, मागच्या बाकावरची,
जिची आई दोहाला आणि बोटांना कायम खवल्यांचा वास,
तिनं लिहिलं:
'बाई, मोठा भाऊ परत आला, सगळे रडले, सगळे जेवले,
असं पुस्तकात आहे.
ते मासे कुणी साफ केले, ते नाही.'

तिचे गुण अजून दिलेले नाहीत.
वही पिशवीत आहे, मंगळवारपासून.

मंगळवारीच रात्रीच्या बसने क्रिसान्तो आला.
अकरा वर्षांनी.
हातात डोनटचा खोका, कोपरा चेपलेला,
कारण घरी रिकाम्या हाताने येऊ नये
एवढं तो विसरला नव्हता.

बाबा आजारी होते तेव्हा त्याने नाव विकली.
आईच्या नावाची नाव. पासिता,
निळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत.
पैसे गेले कोंबड्यांच्या झुंजीत, एका दुपारी,
एका तांबड्या कोंबड्याच्या पायाला बांधलेल्या पात्यावर.
बाबा पुढे अठरा दिवस
किनाऱ्याकडे तोंड करून पडून होते.
नाव डागडुजीला दिलीय, असं आम्ही त्यांना सांगितलं.
आम्ही म्हणजे मी.

आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.
तिने हात पुढे केला, पालथा,
त्याने वाकून तो कपाळाला लावावा म्हणून.
तो उभाच.
हात हवेत. भिंतीवर पाल चुकचुकली.
मग आईनेच चाचपत त्याचं कपाळ शोधलं
आणि हात तिथे नेऊन ठेवला,
भांड्यावर झाकण ठेवावं तसा.

'जेवलास?'
आणि थोड्या वेळाने, काटा काढता काढता,
'नाव विकलीस. नाव कुठे विकलंस?
ते माझ्याजवळच आहे.'

झालं. तिचं तेवढ्यात झालं.
दोनपैकी दोन.

मासे मी साफ केले होते.

त्याला बाकड्यावर चटई दिली. उशी दिली.
मच्छरदाणी दिली नाही.
विसरून नाही. मुद्दाम.

अंधारात एक चापट ऐकू आली, स्वतःच्याच दंडावर मारलेली.
मग दुसरी.
मग बराच वेळ काहीच नाही,
जणू त्याने ठरवलं, चावू देत.
ते मात्र मला सोसलं नाही.

उठले. तीन कोपरे तीन खिळ्यांना बांधले.
चौथ्या जागी बाबांचा कंदील असायचा;
नावेबरोबर तोही गेला, खिळ्यासकट.
क्रिसान्तोने पडल्या पडल्या हात वर केला
आणि चौथा कोपरा धरून ठेवला.
मी म्हटलं नाही, सोड.
त्यानेही काही म्हटलं नाही.
तो हात किती वेळ वर होता, मला माहीत नाही.
मी जागी होते, पण कूस बदलली होती.

पहाटे जोव्हेलिनची वही काढली.
तिच्या उत्तराखाली लाल पेनने लिहिलं: बहिणीने.
गुणांच्या जागेवर पेन टेकवून बसले,
तिथे शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

मागून त्याने विचारलं,
घरात एखादा खिळा आहे का?

म्हटलं, विकत आणावा लागेल.